आधी संगणकावर सर्किट, मग हातात सोल्डरिंग आयर्न

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे नाव आज लोहखनिजामुळे राज्यभर पोहोचले आहे. 2021 पासून येथील खाणकाम मोठ्या प्रमाणावर सुरू आहे. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला. 2025 साली हेडरी येथील खनिज दळण्याचा कारखाना आणि तेथून कोनसरीपर्यंत खनिज वाहून नेणारा नळमार्ग सुरू झाला. या खाणीविषयी परिसरात मतभेद आहेत आणि ते गंभीर आहेत. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. ज्या भागात एवढी यंत्रे आली, त्या भागातील मुलांच्या हातात कोणता हुन्नर आला?

ड्रायव्हर, हेल्पर आणि सुरक्षारक्षक ही कामे प्रथम नजरेसमोर येतात. त्यांत कमीपणा काहीच नाही. परंतु यंत्र चालवणारा एक असतो आणि यंत्राचे पॅनेल उघडून दोष शोधणारा दुसरा असतो. दुसऱ्याला मागणी अधिक काळ टिकते, आणि खाण बंद पडली तरी त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहते. एटापल्ली, आलापल्ली, अहेरी या गावांत मोटार वाइंडिंग, बॅटरी, इन्व्हर्टर आणि मोबाइल दुरुस्तीची दुकाने आहेत. आपल्या समाजातही या कामाचे उस्ताद जागोजागी आहेत. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले सोल्डरिंग उत्तम करतात, पण हा रेझिस्टन्स एवढ्याच ओहमचा का, असे विचारले तर त्यांच्याकडे उत्तर नसते. उस्तादाने लावला म्हणून शागीर्द लावतो.

ही उणीव भरून काढण्याचे एक साधन आज फुकट मिळते. त्याचे नाव सर्किट सिम्युलेशन. या लेखात त्याचा प्राथमिक पाठ देत आहोत. ओहमचा नियम, डायोड आणि कंडेन्सर यांची तोंडओळख असलेल्या कोणालाही तो समजेल.

हे साधन नेमके काय करते?

आपण संगणकाच्या पडद्यावर सर्किटची आकृती काढतो. बॅटरी, रेझिस्टन्स, कंडेन्सर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी हे भाग यादीतून उचलून ठेवतो आणि रेषांनी जोडतो. प्रत्येक भागाची किंमत, म्हणजे किती ओहम, किती मायक्रोफॅरड, हे लिहितो. मग ‘रन’ म्हटले की संगणक प्रत्येक सांध्यावरील व्होल्टेज आणि प्रत्येक भागातील करंट गणिताने काढून आलेख दाखवतो. ऑसिलोस्कोप विकत न घेता ऑसिलोस्कोपवर दिसावी तशी लहर समोर येते.

या विद्येचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत आहे. प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने ‘स्पाइस’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला आणि 1973 साली तो जगापुढे आला. त्या काळी सर्किटची माहिती भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर द्यावी लागे. पेडरसन यांनी हा प्रोग्रॅम तिजोरीत ठेवला नाही. मागेल त्याला दिला. आज जगात वापरली जाणारी अनेक सिम्युलेशन सॉफ्टवेअर या स्पाइसचीच लेकरे आहेत. त्यामुळे एक शिकले की दुसरे शिकायला वेळ लागत नाही.

आपल्या भागासाठी याचे मोल वेगळे आहे. नागपूरच्या मुलाने आयसी जाळली तर तो संध्याकाळी दुसरी आणतो. एटापल्लीच्या मुलाने जाळली तर चंद्रपूर किंवा नागपूरची वाट धरावी लागते. काही रुपयांच्या भागासाठी एस.टी.चे भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून तो प्रयोगच करत नाही, आणि प्रयोग नाही तर शिक्षणही नाही. संगणकावर मात्र शंभर डायोड जाळले तरी खर्च शून्य.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे सॉफ्टवेअर मुंबईतच तयार झाले आहे. त्याचे नाव ‘ईसिम’. आय.आय.टी. मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या अर्थसाहाय्यातून ते उभे केले. पूर्वी ते ‘ऑस्कॅड’ या नावाने ओळखले जात असे. आकृती काढण्यासाठी ‘कायकॅड’ आणि गणितासाठी ‘एनजीस्पाइस’ ही दोन मुक्त सॉफ्टवेअर त्यात एकत्र गुंफलेली आहेत. विंडोज आणि उबुंटू लिनक्स या दोन्हींवर ते चालते. परवाना मुक्त असल्याने एकाने शहरातून पेन ड्राइव्हवर आणावे आणि दहा जणांनी उतरवून घ्यावे, यात काही गैर नाही.

आय.आय.टी. मुंबईचाच ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा दुसरा उपक्रम प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चालू झाला. त्यात सुमारे दहा-दहा मिनिटांचे छोटे दृक्श्राव्य पाठ असतात. शिकणाऱ्याने पाठ ऐकत ऐकत शेजारच्या खिडकीत तीच कृती करावी, अशी त्याची पद्धत आहे. अनेक विषयांचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत आहेत. पाठ एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. जेथे नेटवर्क येते आणि जाते तेथे ही सोय फार मोठी आहे.

दुसरे नाव ‘एलटीस्पाइस’. माइक एंगलहार्ट यांनी ते लिनियर टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीसाठी लिहिले. 2017 साली ती कंपनी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली, तरी सॉफ्टवेअर फुकटच राहिले. ते वेगवान आहे आणि एका माणसाला घरी शिकण्यास सोपे आहे. मात्र ते मुक्त परवान्याचे नाही, म्हणून कंपनीच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्यावे. अगदी पहिल्या चार दिवसांसाठी पॉल फॉलस्टॅड यांचे ब्राउझरमध्ये चालणारे सिम्युलेटरही चांगले. त्यात करंट ठिपक्यांच्या रूपाने वाहताना दिसतो आणि लहान मुलालाही समजतो.

महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत घेण्याचा मोह टाळावा. फुकट आणि हक्काचे मिळत असताना चोरीचे कशासाठी? शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येतो, तो दुकानाचा हिशेबही घेऊन जातो.

पाठ पहिला : एक एलईडी, एक रेझिस्टन्स

सौर दिव्याच्या पेटीवर 12 व्होल्टच्या बॅटरीने लाल एलईडी लावायचा आहे. एलईडीवर सुमारे 2 व्होल्ट पडतात. 10 मिलिअँपियर करंट पुरेसा आहे. तेव्हा रेझिस्टन्स किती?

संगणक चालू करण्याआधी वहीत हिशेब करावा. 12 मधून 2 वजा केले की 10 व्होल्ट उरतात. 10 व्होल्टला 0.010 अँपियरने भागले की 1000 ओहम, म्हणजे 1 किलोओहम. आता संगणकावर बॅटरी, 1 किलोओहमचा रेझिस्टन्स आणि डायोड मालिकेत जोडा, बॅटरीच्या ऋण टोकाला ग्राउंडची खूण लावा आणि ‘ऑपरेटिंग पॉइंट’ हे विश्लेषण चालवा.

एलटीस्पाइसमध्ये यादीतील साधा डायोड ठेवला असेल तर उत्तर 10 नव्हे, 11.3 मिलिअँपियरच्या आसपास येईल. येथेच पाठ सुरू होतो. संगणक चुकला का? नाही. आपण त्याला एलईडी दिलाच नाही. साध्या सिलिकॉन डायोडवर 0.7 व्होल्टच पडतात, 11.3 व्होल्ट उरले, म्हणून 11.3 मिलिअँपियर. भागावर क्लिक करून एलईडीचे मॉडेल निवडले की उत्तर जागेवर येते.

वहीत हिशेब केलेला नसता तर 11.3 हा आकडा खरा मानून आपण पुढे गेलो असतो. म्हणून या संपूर्ण लेखाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : सिम्युलेटरला जे सांगाल ते तो खरे मानतो, म्हणून आधी वही, मग संगणक, मग मल्टिमीटर, हा क्रम सोडू नये. वही आणि संगणक जुळले नाहीत तर थांबावे. संगणक आणि मीटर जुळले नाहीत तरीही थांबावे. ज्ञान त्या थांबण्यातूनच मिळते.

याच सर्किटवर ‘डीसी स्वीप’ चालवून पाहा. बॅटरी 11 पासून 14.4 व्होल्टपर्यंत बदलू द्या. उतरलेल्या बॅटरीवर करंट 9 मिलिअँपियर आणि चार्ज होताना 12.4 मिलिअँपियर दिसेल. म्हणजे एलईडी दोन्ही टोकांना सुरक्षित आहे. सौर पॅनेलच्या दिव्यासाठी हाच प्रश्न महत्त्वाचा असतो.

नवशिक्याने पाठ करावयाच्या पाच गोष्टी

1. प्रत्येक सर्किटला ग्राउंड, म्हणजे शून्य क्रमांकाचा सांधा, असलाच पाहिजे. त्याशिवाय संगणक हिशेब करत नाही. हा ग्राउंड म्हणजे घरातील अर्थिंग नव्हे. ज्या बिंदूपासून सर्व व्होल्टेज मोजायचे तो बिंदू, एवढाच त्याचा अर्थ.

2. स्पाइसमध्ये लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद नसतो. आकड्यापुढे ‘एम’ लिहिले तर ते मिली समजले जाते, मेगा नव्हे. 1 मेगाओहमसाठी ‘एमईजी’ ही तीन अक्षरे लिहावीत. नाही तर दहा लाख ओहमच्या जागी एका ओहमचा हजारावा भाग लागतो आणि उत्तर हास्यास्पद येते. मायक्रोसाठी ‘यू’ लिहावे.

3. कंडेन्सरच्या आकड्यापुढे फॅरड म्हणून नुसते ‘एफ’ लिहू नये. ‘एफ’ म्हणजे फेम्टो, अत्यंत सूक्ष्म माप. आकडा आणि अक्षर यांत जागाही सोडू नये.

4. एसी सप्लाय देताना साइन लहरीची जी उंची विचारली जाते ती शिखराची असते. मीटर 230 दाखवतो तेव्हा शिखर 325 व्होल्टचे असते. 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसाठी 17 लिहावे लागते. येथे 12 लिहिणारे नवशिके पुष्कळ असतात.

5. कोणताही सांधा हवेत लोंबकळत ठेवू नये. ज्या सांध्यापासून ग्राउंडपर्यंत डीसीचा मार्ग नाही, त्याचे व्होल्टेज गणिताला ठरवता येत नाही आणि संगणक तक्रार करतो.

पाठ दुसरा : संध्याकाळी घूं करणारा अँप्लिफायर

आता दुकानात येणारे खरे काम घेऊ. शाळेचा किंवा सभागृहाचा छोटा अँप्लिफायर आहे. त्याला 12 व्होल्ट, अर्धा अँपियर लागतो. ट्रान्सफॉर्मर 12 व्होल्टचा, चार डायोडचा ब्रिज, 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि पुढे 7812 ही रेग्युलेटर आयसी, असा सप्लाय कोणी तरी बनवला आहे. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की आवाज आणखी वाढतो. आजचे बहुतेक अडॅप्टर स्विचिंग पद्धतीचे असतात आणि त्यांना कमी व्होल्टेज चालते. पण अँप्लिफायर, स्टॅबिलायझर, जुने चार्जर यांत ट्रान्सफॉर्मर अजून आहे, आणि शिकण्यासाठी यासारखे सर्किट नाही.

प्रथम वही. 12 गुणिले 1.414 म्हणजे शिखर 17 व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड चालतात, त्यांचे 1.4 वजा केले की 15.6 व्होल्ट. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ब्रिजनंतर दर 10 मिलिसेकंदांनी कंडेन्सर भरतो आणि मधल्या वेळात रिकामा होत जातो. तो किती उतरतो? करंट गुणिले वेळ, भागिले कंडेन्सर. 0.5 गुणिले 0.010, भागिले 0.001, म्हणजे 5 व्होल्ट. यालाच रिपल म्हणतात. 15.6 मधून 5 गेले की 10.6 व्होल्ट उरतात. 7812 ला नीट काम करण्यासाठी बाहेरच्या 12 पेक्षा सुमारे 2 व्होल्ट अधिक, म्हणजे 14 व्होल्ट आत लागतात. सेकंदाला शंभर वेळा तिचा सप्लाय तोकडा पडतो. घूं आवाज तो हाच.

आता संगणक. ट्रान्सफॉर्मरच्या जागी 17 व्होल्ट शिखराची 50 हर्ट्झची साइन लहर, चार डायोड, कंडेन्सर, आणि आयसीच्या जागी अर्ध्या अँपियरचा करंट सोर्स ठेवा. ‘ट्रान्झिअंट’ विश्लेषण 200 मिलिसेकंदांसाठी चालवा. सुरुवातीच्या काही लहरी कंडेन्सर भरण्याच्या असतात, म्हणून 100 मिलिसेकंदांनंतरचा भाग पाहावा. खालचे टोक साडेअकरा ते बारा व्होल्टच्या दरम्यान दिसेल. वहीतील 10.6 पेक्षा ते वर आहे, कारण कंडेन्सर पूर्ण 10 मिलिसेकंद रिकामा होत नाही. पुढची लहर चढतानाच त्याला पुन्हा भरू लागते. वहीचे सूत्र जरा जास्त कडक आहे एवढेच. निष्कर्ष मात्र एकच, 14 च्या खाली.

कंडेन्सर 4700 मायक्रोफॅरडचा करा. रिपल सुमारे 1 व्होल्टवर येतो आणि खालचे टोक साडेचौदाच्या आसपास राहते. आवाज थांबेल. बहुतेक मेकॅनिक येथे काम संपवतील.

पण आपल्याला संध्याकाळचे व्होल्टेज पाहायचे आहे. लाइन 180 वर उतरली असे धरा. ट्रान्सफॉर्मर 9.4 व्होल्ट देईल, शिखर 13.3 होईल, डायोड वजा जाता 11.9 उरतील. म्हणजे शिखरच 12 च्या खाली! आता कंडेन्सर कितीही मोठा लावा, घूं थांबणार नाही. दोष कंडेन्सरचा नाहीच, ट्रान्सफॉर्मरचा आहे. हे जाणणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो आणि स्वतःचे नावही.

15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालून पाहा. 180 व्होल्टच्या लाइनवर तो 11.7 देतो, शिखर 16.6, डायोडनंतर 15.2 आणि रिपल वजा करून 14.1. जेमतेम चालेल. आता दुसरे टोक पाहा. रात्री उशिरा लाइन 250 वर चढली तर तोच ट्रान्सफॉर्मर 16.3 देतो आणि कंडेन्सरवर 21.7 व्होल्ट येतात. सरासरी 21.1 धरली तर आयसीवर 9.1 व्होल्ट पडतात. अर्ध्या अँपियरने गुणले की साडेचार वॅटहून अधिक उष्णता. हीट सिंकशिवाय उघडी 7812 दर वॅटला साधारण 65 अंशांनी तापते. साडेचार वॅटला किती, ते वाचकांनीच काढावे. आयसी स्वतःचे रक्षण करण्यासाठी बंद पडेल आणि कार्यक्रमाच्या मध्येच अँप्लिफायर मुका होईल. तेव्हा हीट सिंक हवाच. कंडेन्सरही 25 नव्हे, 35 व्होल्टचा घ्यावा, कारण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो.

पाहा, एका साध्या सप्लायमध्ये चार निर्णय होते : कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक आणि कंडेन्सरचे व्होल्टेज. चारही निर्णय एक रुपया न खर्चता झाले.

संगणक जे सांगत नाही

वरच्या आकृतीतील ट्रान्सफॉर्मर आदर्श होता. खऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेला रेझिस्टन्स असतो. कंडेन्सर भरताना डायोडमधून अर्ध्या अँपियरच्या कित्येक पट करंटची टोके जातात. आलेखात ती स्पष्ट दिसतात. त्या टोकांच्या वेळी तारेवर व्होल्टेज पडते आणि ‘जेमतेम’ चालणारे सर्किट चालेनासे होऊ शकते. म्हणून हातातला ट्रान्सफॉर्मर मोजावा. लोड नसताना 17 व्होल्ट आणि 1 अँपियर लोडवर 15.5 व्होल्ट आले, तर फरक दीड व्होल्ट, म्हणजे आतला रेझिस्टन्स दीड ओहम. साइन लहर 17 व्होल्टची, म्हणजे शिखर 24 चे घ्या, तिच्यापुढे दीड ओहम जोडा आणि पुन्हा चालवा. 180 व्होल्टच्या लाइनसाठी तोच आकडा त्या प्रमाणात उतरवा. आता उत्तर टेबलावरील मीटरच्या बरेच जवळ येईल.

दुसरी गोष्ट तापमानाची. स्पाइस काही सांगितले नाही तर 27 अंश सेल्सिअस धरून चालते. चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या पेटीच्या आत त्याहून वर. तापमानाचा आकडा बदलून 60 वर सर्किट चालवून पाहण्याची सवय लावावी. डायोड आणि ट्रान्झिस्टरचे वागणे बदललेले दिसेल. मात्र भाग स्वतःच्या उष्णतेने किती तापेल हे साधे सिम्युलेशन सांगत नाही. तो हिशेब वहीतच करावा लागतो.

कोरडे सोल्डर, बनावट आयसी, गंजलेला सॉकेट, उंदराने कुरतडलेली तार आणि पावसाळ्यातील विजेचा धक्का, हे संगणकाला माहीत नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे, पडद्यावरील 230 व्होल्ट शॉक देत नाहीत, खरे देतात. प्रत्यक्ष जोडणी शिकताना ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूनेच सुरुवात करावी, मेन लाइनला उस्ताद शेजारी असल्याशिवाय हात लावू नये.

पाठ तिसरा : कारखान्याची भाषा

आता सूरजागडकडे परत येऊ. मोठ्या उद्योगांत नळातील दाब, टाकीची पातळी, यंत्राचे तापमान मोजणारी मापके आपली बातमी नियंत्रण कक्षाला व्होल्टेजने नव्हे, करंटने कळवतात. शून्य मापाला 4 मिलिअँपियर आणि पूर्ण मापाला 20 मिलिअँपियर, ही जगभरची रूढ पद्धत आहे. करंट का? कारण लांब तारेत व्होल्टेज गळते, पण एकाच वाटेने वाहणारा करंट दोन्ही टोकांना सारखाच असतो. आणि 4 पासून सुरुवात का? कारण तार तुटली तर करंट शून्य होतो. माप शून्य आहे आणि तार तुटली आहे, यांतील फरक लगेच कळतो.

हे सर्किट संगणकावर काढा. 24 व्होल्टचा सप्लाय, मापकाच्या जागी करंट सोर्स, तारेचा रेझिस्टन्स आणि शेवटी 250 ओहम. करंट 4 पासून 20 पर्यंत स्वीप केला की 250 ओहमवर 1 ते 5 व्होल्ट मिळतात. आता तारेचा रेझिस्टन्स वाढवत जा. मापकाला स्वतःसाठी 12 व्होल्ट लागतात असे धरले तर उरलेले 12 व्होल्ट, भागिले 0.020, म्हणजे एकूण 600 ओहम. त्यातील 250 वजा जाता तारेसाठी 350 ओहम राहतात. त्यापुढे खरे मापक थकेल. पण सिम्युलेटरमधील करंट सोर्स थकणार नाही, तो 20 मिलिअँपियर ढकलतच राहील! म्हणून मापकावर किती व्होल्ट उरले ते आपणच पाहायचे असते. पहिल्या पाठातील धडा येथे पुन्हा भेटतो.

आय.टी.आय. किंवा डिप्लोमा झालेल्या मुलाने एवढे मनापासून केले, तर मुलाखतीत ‘लूप म्हणजे काय’ या प्रश्नावर तो गप्प राहणार नाही.

अभ्यास कसा करावा?

महिनाभर रोज एक तास पुरे. पहिल्या आठवड्यात रेझिस्टन्स, एलईडी आणि व्होल्टेज डिव्हायडर. दुसऱ्या आठवड्यात कंडेन्सरचे भरणे-रिकामे होणे. 100 किलोओहम आणि 100 मायक्रोफॅरड यांचा काळ 10 सेकंद का येतो, ते आलेखावर मोजा. तिसऱ्या आठवड्यात वरचा सप्लाय. चौथ्या आठवड्यात ट्रान्झिस्टरने रिले चालवणे आणि 555 टायमर. प्रत्येक सर्किटसाठी वहीत तीन रकाने आखावेत : वहीचा हिशेब, संगणकाचे उत्तर, मीटरचे माप. फरक का पडला ते खाली एका ओळीत लिहावे. अशा चाळीस पानांची वही कोणत्याही प्रमाणपत्राइतकीच मोलाची असते, कारण ती पाहून काम देणाऱ्याला मुलाची बुद्धी कळते.

प्रत्येकाकडे संगणक असण्याची गरज नाही. चार-पाच मुलांनी मिळून एक जुना लॅपटॉप घेतला तरी चालतो. एकाने आकृती काढावी, दुसऱ्याने हिशेब करावा, तिसऱ्याने मीटर धरावा. शेजारची माडिया मुले यात सामील झाली तर अधिक चांगले. हुन्नर वाटल्याने कमी होत नाही. ज्या घरांत मुलींना दूरच्या गावी शिकायला पाठवण्याची अडचण आहे, तेथे मुलींनी घरी बसून हे शिकावे. या कामाला ताकद नव्हे, चिकाटी लागते.

हात बसल्यावर पुढची पायरी म्हणजे कायकॅडमध्ये सर्किट बोर्डाची आखणी. बोर्ड आखून देणे, जुन्या बोर्डाची आकृती काढणे, सौर पेटीचा चार्जर सुधारणे ही कामे घरी बसून करता येतात. फॉसी प्रकल्पाकडून विद्यार्थ्यांसाठी वेळोवेळी फेलोशिप आणि इंटर्नशिप जाहीर होतात. ईसिमवर हात बसलेल्यांनी त्यांवर लक्ष ठेवावे.

दुकानदार बंधूंना शेवटी एक विनंती. आपल्याकडील शागिर्दाला दिवसातून अर्धा तास वही आणि संगणकासाठी मोकळा द्या. त्याचा रोज तेवढा बुडेल असे वाटते खरे. पण पुढच्या उन्हाळ्यात एखादा अँप्लिफायर संध्याकाळी घूं करत दुकानात आला, तर तो मुलगा कंडेन्सर बदलत बसणार नाही. आधी लाइनचे व्होल्टेज मोजेल.